ओकायामाची टेकडी आणि आमची पांढर

थोरली लेक जपानात ओकायामा शहरी नोकरीस आहे. जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. तीस वर्षे शेतीखात्यात बांधाबांधाने हिंडलेला माणूस मी. परदेशी गेलो तरी नजर मातीकडेच जायची.

पहिल्या दिवशी लेकीने कोराकुएन ही बाग दाखविली. असाही नदीतल्या बेटावर ती सुमारे ३३ एकरांत पसरली आहे. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये काम सुरू करविले, ते १७०० साली पुरे झाले. तळी, हिरवळ, झुळझुळणारे पाट हे सारे आहेच. पण मला नवल वाटले ते बागेतल्या भातखाचराचे. शेजारी चहाचा मळाही! हे खाचर म्हणजे प्राचीन चीनमधल्या सारापद्धतीचा नमुना. जमिनीचे नऊ तुकडे करायचे. भोवतीचे आठ आठ कुटुंबांनी कसायचे, मधला सर्वांनी मिळून कसायचा आणि त्याचे पीक तेवढे राजाला द्यायचे.

"अहो, सरदाराच्या बागेतसुद्धा चिखलणी चुकली नाही!" आमची मंडळी म्हणाली.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते याच बागेच्या धर्तीवर केलेले.

संध्याकाळी नदीकाठाने चालत गेलो. पलीकडे काळा किल्ला दिसतो. १५९७ साली तो पुरा झाला, तेव्हा खंदकाचे काम व्हावे म्हणून नदीलाच वळण देऊन किल्ल्याभोवती आणले होते. पण नदी आपली जुनी वाट विसरत नाही. पूर येऊ लागले. १६५४ साली तर महापूर आला. तेव्हा जादा पाणी शहराबाहेरून काढून देण्यासाठी ह्याक्केन नावाची वेगळी वाट बांधून काढली. ते काम करणाऱ्या त्सुदा नागातादा याच्याच हातून पुढे ही बाग उभी राहिली. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्याने बागेची नासाडी झाली. लोकांनी जुनी चित्रे पाहून ती पुन्हा होती तशी केली.

शेवटच्या रविवारी त्सुकुरियामा पाहिली. पाचव्या शतकातल्या कुणा बड्या सत्ताधीशाची ही समाधी. सुमारे ३५० मीटर लांब, एका अंगाला गोल, दुसऱ्या अंगाला चौकोनी, अशी मातीची तीन टप्प्यांची टेकडी. आकाराने जपानात चौथी. तिच्याहून मोठ्या तिन्ही राजघराण्याच्या म्हणून बंद. हिच्यावर मात्र कुणीही चढावे. वर गेलो. खाली भाताची शेते आणि गावची घरे पसरलेली. एवढी माती माणसांनी टोपल्या वाहून रचली असेल, या विचाराने खांदे भरून आले.

आणि एकाएकी मला आमची पांढर आठवली.

आमच्या गावाबाहेर जुन्या वस्तीची पांढर होती. मी बारा-तेरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर गाडी घेऊन तिची माती आणायला जात असे. राख, हाडे, शेण कुजून झालेली ती माती. पीक तरारून येई. एकदा कुदळीखाली मडके फुटले. आत लहानशी हाडे होती. वडिलांनी हात जोडले, मडके बांधाला ठेवले आणि गाडी भरली. पुढे शिरूर तालुक्यातल्या इनामगावविषयी वाचले. तेथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली अशीच मडक्यांत पुरलेली मुले सापडली होती. आमचे मडके किती जुने, कोण सांगणार? बांधावर ते दोन पावसाळेही टिकले नाही.

नोकरीत एका शेतकऱ्याने विचारले होते, "साहेब, पांढरीची माती चांगली ना?" मी "हो" म्हणालो. शास्त्राला धरून ते खरेच होते. पण मी अर्धेच सांगितले.

उरलेले अर्धे आज सांगतो. शेणखत दरसाल होते, ताग-धैंचा पेरून हिरवळीचे खतही करता येते. पांढर मात्र पुन्हा होत नाही. आमची तर सपाट झाली. तुमच्या गावची थोडीफार उरली असेल, तर मुलांना घेऊन एकदा तिच्यावर चढा. गाडी मात्र घरीच ठेवा.