नऊ किलोंचा हिशेब
(चाकणजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या परसबागेची वही, २०२४)

१५ जून, शनिवार

आज शाळा उघडली. तळेगाव चौकातल्या कोंडीत पाऊण तास गेला. पोचलो तेव्हा पहिलीच्या पोरांना फुलं आणि खाऊ देऊन झाला होता. मी सरळ मागच्या अंगाला गेलो. शेवगा, कढीपत्ता आणि मोरीच्या पाण्यावरचं अळू सोडलं तर गेल्या वर्षीच्या बागेचा मागमूस नाही. वाफे फुटून सपाट झालेत, दोडक्याच्या मांडवाच्या तारा लोंबताहेत. मे महिन्यात पाणी घालायला कोणी नव्हतं. बोल तरी कोणाला लावणार? मीही दीड महिना गावीच होतो.

पहिली ते पाचवीचा पट १८०. या वयाच्या मुलाला पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी द्यायची, असा नियम आहे. म्हणजे रोज नऊ किलो भाजी. बाजारात भाव चढले की पातेल्यात काय उरतं ते खिचडी करणाऱ्या मावशींनीच सांगितलं, “बटाटा, कांदा आणि हळदीचा रंग.”

शाळांनी पोषण बागा कराव्यात अशी मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१९ मध्ये काढली. त्यानंतर बागा झाल्या, त्यांचे फोटोही निघाले. यंदा मी वहीच्या पहिल्या पानावर फक्त ‘९ किलो’ लिहिलं आहे. वाफे किती, रोपं किती याची नोंद ठेवायची नाही. पातेल्यात किती पडलं तेवढंच लिहायचं.

२२ जून, शनिवार

अकरा जण आले. नाणेकरवाडीत खोली करून राहणारी, सेकंड शिफ्टची तीन कंत्राटी पोरं, दोन आया, एक निवृत्त गुरुजी आणि बाकी आमच्या चिखलीच्या कट्ट्यावरची मंडळी. दोन गुंठे जागा, पण कुदळ घातली की मुरूम आणि विटांचे तुकडे वर येतात. वर्गखोली बांधताना राडारोडा इथेच पसरलेला दिसतो. तो वेचून काढायलाच सकाळ गेली. एका ओळखीच्याने दोन ट्रॉल्या काळी माती दिली.

जीवामृतासाठी पिंप हवं होतं. एकाने कुदळवाडीच्या भंगारातून निळं पिंप आणलं होतं, स्वस्तात. मी ते परत पाठवलं. त्याला राग आला, पण मी कारखान्यात उभा जन्म काढला आहे. अशा पिंपात आधी काय होतं ते कोणी सांगत नाही, आणि दहा वेळा धुतलं तरी खात्री देता येत नाही. लहान मुलांच्या भाजीला ते चालणार नाही. पाण्याची नवी टाकी वर्गणी काढून घेतली. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती.

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधून रोज पिंपं भरून उष्टं बाहेर जायचं, ते आज फार आठवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनमध्ये प्रीती पाटील यांनी कामगारांना बरोबर घेऊन त्याच ओल्या कचऱ्याची माती केली आणि गच्चीवर बाग उभी केली. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची ती रीत. आम्हाला ते कधी सुचलं नाही, याची खंत वाटते.

२९ जून, शनिवार

माउलींची पालखी आज आळंदीहून हलणार. सगळे तिकडे. बागेत मी आणि गुरुजी दोघेच. धने चपलेखाली रगडून दोन फाकी केल्या आणि पेरले. मेथी, माठ, अंबाडी, शेपूही टाकली. भेंडी टोकली.

११ जुलै, गुरुवार

खुरपताना मी मांसल पानांची, जमिनीलगत पसरणारी रोपं उपटून बांधावर फेकत होतो. लातूरकडची एक आई पोराला सोडायला आली होती. धावत आली आणि म्हणाली, “काका, टाकू नका ती. घोळ हाय ही. डाळीत घालून काय चव लागते!” तिने पदरात गोळा करायला सुरुवात केली. बोलता बोलता कळलं, तिकडे त्यांची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, चार वर्षांपूर्वी ती पडीक टाकून ही माणसं इकडे आली. नवरा एका वेल्डिंग शॉपमध्ये, ती पॅकिंगला. खोलीला अंगण नाही, तुळशीला जागा नाही. “इथं आल्यापासून मातीला हात लागला नव्हता,” म्हणाली.

संध्याकाळी मी बाजूला एक वाफा मोकळा केला. त्यातली घोळ आता कोणी उपटायची नाही.

२५ जुलै, गुरुवार

कालपासून पावसाने झोडपलं. पवनेला पूर, पिंपरी-चिंचवडमधल्या शाळांना सुट्टी. मी चिखलीत घरी बसून. बागेत पाणी साचलं असणार.

२९ जुलै, सोमवार

मेथी गेली. कोथिंबीरही. वाफ्यात नुसता काळा चिखल आणि कुजका वास. पुढच्या आठवड्यात काढणी होती, मावशींना तसं सांगूनही ठेवलं होतं. गुरुजी गप्प उभे राहिले.

माठ आणि अंबाडी मात्र ताठ आहेत, भेंडीला कळ्या आल्यात. चूक आमची. भर आषाढात सपाट वाफ्यात मेथी करायचीच नव्हती, केली तर गादीवाफ्यावर. बाजारात याच दिवसांत मेथीची जुडी का महागते, ते आज आमच्या डोळ्यांसमोर दिसलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पहिला तोडा. माठ चार किलो दोनशे ग्रॅम, भेंडी सव्वा किलो. पाचवीच्या मुलींनी निवडली. तीन पाण्यांतून धुतली, रस्त्यावरच्या कंटेनरची धूळ इथल्या प्रत्येक पानावर बसते. मावशींनी लसूण-मिरचीची फोडणी देऊन परतली. बिहारकडचा दुसरीतला एक मुलगा ताट बघून ओरडला, “लाल साग!” आणि दोनदा वाढून घेतली. त्याला मराठी अजून नीट येत नाही. इतके दिवस वर्गात त्याचा आवाज ऐकला नव्हता, असं बाई म्हणाल्या.

वहीत: ५ किलो ४५० ग्रॅम.

२१ ऑगस्ट, बुधवार

शंखी गोगलगायी. पानांची चाळण झाली आहे. औषध टाकणार नाही, पोरं इथे खेळतात. त्या रात्रीच बाहेर पडतात, आणि रात्री येणार कोण? सेकंड शिफ्टच्या पोरांनी आपणहून सांगितलं. बारा वाजता कंपनीची बस चौकात सोडते, तिथून ती मोबाइलच्या उजेडात सरळ बागेत आली. दोन बादल्या वेचल्या आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या. सलग चार रात्री हे चालायचं आहे. दहा तास उभं राहून आलेली ही मुलं. त्यांच्यातल्या एकाचंही लेकरू या शाळेत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

ऋषिपंचमी. सकाळी सातलाच गावातल्या एक आजी काठी टेकत फाटकाशी आल्या. आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने खणून पिकवलेलंच चालतं. “बाजारातलं कसं चालंल? तुमचं कुदळीचं हाय म्हणून आले,” म्हणाल्या. मी त्यांना अळू, माठ, भेंडी आणि दोन दोडके दिले. ऋषीच्या भाजीला पडवळ आणि लाल भोपळाही हवा, ते आमच्याकडे नव्हतं.

आजी कडुनिंबाखाली बसल्या. त्यांचं वावर एमआयडीसीत गेलं. तिथे आता शेड आहे. पैसे आले, बंगला झाला, अंगणात फरशी बसली. “परसात शिराळं, घेवडा, काकडी, काय काय असायचं. आता फरशीवर काय लावू?” मुलांचं काही चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत. जाताना कनवटीची चिंधी सोडून माझ्या हातावर ठेवली. जुन्या वावरातल्या शिराळ्याचं बी. जमीन गेल्यावरही दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या बांधावर लावून त्यांनी ते जिवंत ठेवलं होतं.

या शाळेच्या पंगतीत दोन्हीकडची पोरं शेजारी बसतात: ज्यांची जमीन कारखान्याखाली गेली त्यांची, आणि ज्यांची जमीन पाण्यावाचून सुटली त्यांची. मला ही बाग त्या दोघांची वाटते.

१० सप्टेंबर, मंगळवार

गौरी आल्या. शेपू चार घरी नैवेद्याला गेली. वहीत नोंद नाही, पातेल्यात पडली नाही म्हणून. पण गेली याचं बरं वाटलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधीजींबरोबर शास्त्रीजींचीही जयंती. १९६५ च्या टंचाईत त्यांनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून देशाला सांगितलं आणि दिल्लीतल्या आपल्या बंगल्याची हिरवळ नांगरली. आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. मी तेव्हा या पोरांएवढा होतो.

आज हिशेब मांडला. १३ ऑगस्टपासून सप्टेंबरअखेर ९६ किलो. नऊ किलोंनी भागलं तर जेमतेम अकरा दिवसांची भाजी. दोन गुंठे १८० मुलांना पुरणार नाहीत, आणि पुरतील असं कोणी सांगू नये. भाजीसाठीचं अनुदान वाढलं पाहिजे, ते सरकारचंच काम, बाग त्याला पर्याय नाही. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी पातेल्यात हिरवं पडलं, आणि ते ताटात उरलं नाही. मावशींनी याची साक्ष दिली: “पूर्वी पालेभाजी बाजूला काढून ठेवायची, आता आपण खुडली म्हणून खात्यात.”

२० ऑक्टोबर, रविवार

मेथी, पालक, मुळा गादीवाफ्यावर पेरले. शेवगा कंबरेइतका छाटला. आजींचं बी राख लावून डबीत ठेवलं आहे, पुढच्या जूनसाठी.

२८ तारखेपासून दिवाळीची सुट्टी. गुरुजी पहिले चार दिवस बघतील. कंत्राटी पोरं गावी चाललीत, रेल्वेची तिकिटं झालीत. लातूरची ताई भाऊबीज करून ७ नोव्हेंबरनंतरच येईल. मी १ आणि २ नोव्हेंबर धरले आहेत. ३ ते ७ नोव्हेंबर या पाच दिवसांपुढे वहीत अजून नाव नाही. जे कोणी मोशी, कुरुळी, नाणेकरवाडी भागात दिवाळीला घरीच असतील, त्यांनी यावं. सकाळी अर्धा तास पुरतो. झारी कडुनिंबाच्या मागे आहे, नळाला दाब सहा ते सात या वेळात असतो.