पाकिटांतलें दैव आणि हातांतला डाव

पत्त्यांचें नांव काढलें कीं आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आंठ्या पडतात, आणि त्या अगदींच निष्कारण पडतात असें नाहीं. परंतु अलीकडे नातवंडांच्या हातीं जीं रंगीत पानें दिसतात, त्यांचा प्रकार आपल्या बावन्न पानांहून इतका निराळा आहे कीं, त्यांस जुन्या मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. माझा दहा वर्षांचा नातू ‘पोकेमॉन’च्या पानांसाठीं हट्ट धरून बसला, तेव्हां ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं तो खेळ स्वतः शिकून घ्यावा असें मीं ठरविलें. संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास पोरांच्या खेळाचें भय कसलें, असाहि थोडा अभिमान त्यांत होता.

पानें जमवावीं, अदलाबदल करावीं आणि त्यांनींच खेळावें, अशा आधुनिक खेळांतील आद्य मान ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळास देतात. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचिलेला हा खेळ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. पोकेमॉनचीं पानें जपानांत १९९६ च्या ऑक्टोबरांत निघालीं. मूळ व्हिडिओ-खेळ त्याच वर्षींचा. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांस बाळपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता, आणि त्या नादांतूनच पुढें ही कल्पना उगवली. तो खेळ बाजारांत आणणारी निन्टेन्डो कंपनी तर १८८९ सालीं क्योतो शहरीं पत्ते तयार करण्यासाठींच निघाली होती. म्हणजे पानांचें घराणें फिरून पानांवरच आलें म्हणावयाचें!

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० वाटोळीं पानें असतात. दहा अवतार, आणि प्रत्येकाचीं बारा पानें. खेळणारे सारे त्याच एका जोडांतून पानें घेतात. या नव्या खेळांत मात्र प्रत्येकानें आपला कॅट घरून बांधून आणावयाचा असतो. पानें बरोबर साठ. एक कमी नाहीं, एक जास्त नाहीं. एकाच नांवाचीं पानें चारांहून अधिक चालत नाहींत. मूळ शक्तीच्या पानांस तेवढी ही मर्यादा नाहीं. तेव्हां कोणतीं साठ निवडावीं या विचारांत अर्धा खेळ डाव मांडण्यापूर्वींच होऊन जातो.

डावाचा क्रम असा. प्रत्येकानें पानें पिसून सात हातीं घ्यावीं व सहा पारितोषिक म्हणून पालथीं ठेवावीं. एक प्राणी पुढें लढावयास उभा असतो, मागें बाकावर फार तर पांच. पाळी आली कीं प्रथम एक पान उचलावें. शक्तीचें पान एका पाळींत एकदांच जोडतां येतें. प्रतिपक्षाचा प्राणी गारद झाला कीं पारितोषिकाचें पान आपलें, आणि सहाहि हातीं आलीं कीं जय. प्रतिपक्षाकडे लढावयास प्राणीच उरला नाहीं, किंवा पाळीच्या आरंभीं उचलावयास पान उरलें नाहीं, तरीहि जय आपलाच.

पहिले चारहि डाव मी हरलों. पांचव्या डावीं नातवानें एकाच पाळींत शक्तीचीं दोन पानें जोडलीं, तेव्हां मीं त्यास अडविलें. “आजोबा, या पानावर काय लिहिलंय तें वाचा ना!” तो म्हणाला. वाचलें, तर त्या पानानें तशी मुभाच दिली होती. सामान्य नियम आणि पानावरील वचन यांत विरोध आला तर पानाचें वचन बलवत्तर! व्याकरणांत उत्सर्गाहून अपवाद बलवान् असतो, हें मुलांच्या गळीं उतरवितांना माझे खडू झिजले. येथें तें या पोरास खेळतां खेळतां कळलें होतें. त्या दिवसापासून या खेळाविषयीं माझ्या मनांत आदर उत्पन्न झाला.

परंतु या खेळाला एक दुसरें अंग आहे, आणि तें सांभाळण्याजोगें आहे. पानें बंद पाकिटांतून विकतात. आंत कोणतीं पानें निघतील हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें, आणि दुर्मिळ पान क्वचितच निघतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत अक्षसूक्त आहे. त्यांतील जुगाऱ्यास आपला नाश दिसत असतो, तरी फांशांचा आवाज त्यास ओढून नेतो. आणि शेवटीं त्यास उपदेश मिळतो तो आपलें शेत कसण्याचा. माझ्या मतें पाकीट फोडणें हें द्यूत आणि कॅट बांधणें ही शेती. म्हणून नव्यानें आरंभ करणारांनीं प्रथम तयार मिळणारे दोन कॅट घ्यावे, महिनाभर त्यांवरच खेळावें, आणि मग उणें वाटेल तें पान सुटें विकत घ्यावें. फार स्वस्तांत मिळणारीं पानें बहुधा नकली असतात, तींहि टाळावीं. आमच्या घरीं पाकीट वाढदिवसासच येतें.

पैशाचा मोह मुलांस कळत नाहीं असें समजूं नये. १९९७-९८ च्या सुमारास जपानांत चित्रस्पर्धेच्या विजेत्यांस बक्षीस म्हणून दिलेलें एक पान २०२१ सालीं ५२ लाख ७५ हजार डॉलरांस विकलें गेलें, ही वार्ता माझ्या नातवास तोंडपाठ आहे. एके दिवशीं तो नाचतच घरीं आला. इमारतींतील एका सात वर्षांच्या मुलाकडून त्यानें झगझगीत असें एक पान घेतलें होतें व बदल्यांत चार साधीं पानें दिलीं होतीं. “एकाला चार दिलीं, म्हणजे त्याचाच फायदा!” हें त्याचें गणित, पण त्या एका पानाचें मोल त्या चारांच्या कितीतरी पट आहे, हें तो पुरतें जाणून होता. मीं एवढेंच विचारलें, “तुला जें ठाऊक आहे तें त्याला ठाऊक असतें, तर त्यानें तें पान दिलें असतें का रे?”

तो बराच वेळ गप्प राहिला, आणि संध्याकाळीं आपण होऊन पान परत करावयास गेला. गोष्ट येथें संपती तर क्रमिक पुस्तकास शोभली असती! पण तो पान घेऊन तसाच परतला. त्या लहानग्यास चारांपैकीं एका झोंपाळू प्राण्याचें चित्र इतकें आवडलें होतें कीं, मोल सांगूनहि तो अदलाबदल मोडावयास तयार होईना. “आजोबा, आतां काय करायचं?” प्रश्न खरोखरच अवघड होता, कारण वस्तूची किंमत बाजार ठरवितो तशी आवडहि ठरविते. परंतु सात वर्षांच्या मुलाची संमति ही पुरी संमति नव्हे. आम्ही दोघे त्याच्या आईकडे गेलों. झगझगीत पान तिनें ठेवून घेतलें, तीन पानें परत दिलीं, आणि झोंपाळू प्राणी नातवानें त्यास असाच देऊन टाकला. जिना चढतांना तो रडला. मीं त्याची समजूत घातली नाहीं. कांहीं अश्रु वाहूं द्यावे हेंच बरें.

तेव्हांपासून दोन नियम आम्हीं पाळतों. अदलाबदलीपूर्वीं दोन्ही पानांचें मोल मोठ्यानें सांगावयाचें. आणि समोरचा लहान असेल तर त्याच्या घरचें वडील माणूस जवळ हवें. कॅट साठ पानांचा असावा हें कोणीहि मुलास सांगेल. दुसऱ्याच्या अज्ञानावर आपला कॅट बांधूं नये, हें मात्र घरच्यांनींच सांगावें लागतें. तेवढ्यासाठीं तरी घरांतील एकाद्या म्हाताऱ्यानें हातीं सात पानें घेऊन सतरंजीवर बसणें अवश्य आहे.