देवनारचा भाव

घाटकोपरहून रिक्षा केली की देवनार फार लांब नाही. गोवंडीच्या अलीकडेच बकऱ्यांचा वास यायला लागतो आणि रिक्षावाला न विचारताच म्हणतो, "मंडीत ना?" महापालिकेचा हा कत्तलखाना 1971 पासून इथे आहे. एरवी तिकडे कोणी फिरकत नाही, पण बकरा ईदच्या आधीचे दहा-पंधरा दिवस अंधेरी, मुलुंड, बोरिवलीपासूनची घरं इथे येतात.

आमच्या घरात या खरेदीचा मुहूर्त मामू ठरवतात. त्यांचा हिशेब असा: पहिल्या ट्रकांबरोबर राजस्थानचे सिरोही आणि सोजत उतरतात, देखणे असतात, पण त्या दिवसांत व्यापारी एक रुपयाही सोडत नाही. त्याला अजून घाई नसते. मधले दिवस भाव स्थिर. शेवटचे दोन दिवस मात्र जुगार. माल जास्त उरला तर परतीच्या ट्रकभाड्याच्या भीतीने व्यापारी उतरतो, कमी उरला तर तोच दुप्पट सांगतो. यात मामू आणखी दोन गोष्टी धरतात, पगाराची तारीख आणि पाऊस.

2023 मध्ये हा हिशेब अगदी बरोबर आला. ईद 29 जूनला, म्हणजे सगळ्यांचे खिसे रिकामे. मुंबईत पावसाळा 25 जूनला जाहीर झाला आणि मंडीत चिखल झाला. आदल्या संध्याकाळी चोवीस हजार सांगितलेला बकरा आम्हाला सतरात मिळाला. मामू रिक्षात बसताना गालात हसत होते.

रात्री बकऱ्याने पाला तोंडाला लावला नाही. पहाटे खोकायला लागला, नाकातून पाणी. तीन दिवस पावसात भिजलेलं जनावर, भाव का उतरला होता ते तेव्हा कळलं. मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, उघड आजारी, उघड लंगडं, उघड काणं आणि अगदी हाडकुळं जनावर कुर्बानीला चालत नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत, फक्त जूनच्या फीसाठी बाजूला ठेवलेलं पाकीट काढून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक बकरा आणला. पहिला महिनाभर औषधपाणी केल्यावर सुधारला, अल्हम्दुलिल्लाह, पण ती ईद आम्हाला दोन बकऱ्यांना पडली.

मला त्या व्यापाऱ्याचा फारसा राग आला नाही. घासाघीस आम्हीच केली होती, पावसात उभ्या असलेल्या माणसाशी.

गेल्या वर्षी, 2025 ला, ईद 7 जूनला होती. पाऊस तर 26 मेलाच येऊन ठेपला, इतक्या लवकर तो मुंबईत कधी आला नव्हता. मामू खूश: "घाबरतील बघ, भाव पडेल." पण पावसाने नंतर दडी मारली. शिवाय पगार नुकतेच झालेले, शनिवारची ईद, मंडीत पाय ठेवायला जागा नाही. आदल्या रात्रीपर्यंत भाव जागचा हलला नाही. या वेळी मीच म्हटलं, मामू, थांबूया. हनफी घरांना 12 जिल्हजपर्यंत मुभा असते, आम्हा शाफई कोकण्यांना 13 पर्यंत. ईदच्या दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर एक काळा उस्मानाबादी घेतला. दिसायला साधा, पण दात नीट, डोळे पाणीदार, हातातला पाला ओढून खाणारा. वजनावर घेतला. विकणारा सकाळी भरपूर चारून-पाजून काटा करतो, म्हणून संध्याकाळी गेलो. चाळीस किलोच्या जिवंत बकऱ्यात मांस साधारण निम्मंच निघतं, हे धरूनच वाटण्याचे तीन हिस्से मनात मांडावेत.

ईदच्या दिवशी मात्र मुलं रिकाम्या गॅलरीकडे बघत बसली होती. शेजारच्यांचा बकरा तीन दिवस त्यांनीच फिरवला होता. बचत झाली, पण तेवढं आम्ही गमावलं.

चांद्र वर्षाप्रमाणे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. यंदा ती मेच्या अखेरीला येते, म्हणजे बहुधा पावसाच्या आधी, शाळेच्या फीच्याही आधी, पण पगाराच्या तोंडावर. मामूंनी भिशीचा नंबर एप्रिलमध्ये मागून घेतला आहे. या वेळी बकरा आठ दिवस आधी आणायचा, असं मुलांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.