उघडणारा डबा

स्कूबा डाइव्हर पाण्याखाली असताना त्याच्यावर लक्ष ठेवायला बडी असतो, मनगटावर कॉम्प्युटर असतो, हवा संपलीच तर दुसऱ्याचा ऑक्टोपस, म्हणजे त्याच्या टाकीवरची जादा श्वासनळी, असतो. खरा एकटेपणा सुरू होतो तो वर आल्यावर, होडी दिसली नाही तर. चेन्नईसमोरचा समुद्र वाहता आहे. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे ओढतो, ऑक्टोबरनंतर दक्षिणेकडे. प्रवाह एक नॉटचा असला तरी माणूस तासाभरात पावणेदोन किलोमीटरच्या पुढे जातो. लाटांमध्ये तरंगणारं डोकं होडीवाल्याला काहीशे मीटरवरूनही दिसेनासं होतं. पूर्वेला सरळ अंदमानपर्यंत जमीन नाही.

अशा वेळेसाठी पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, असतो. मुठीत मावेल एवढं यंत्र. अँटेना उभी करून बटण दाबलं की 406 मेगाहर्ट्झवर सुमारे पन्नास सेकंदांनी एकेक संदेश उपग्रहाकडे जातो आणि तिथून खाली शोध-बचाव केंद्राकडे. आपल्याकडे हे संदेश बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या मिशन कंट्रोल सेंटरमध्ये पोचतात आणि तिथून तटरक्षक दलाच्या केंद्राकडे जातात. इथल्या समुद्रासाठी ते केंद्र चेन्नईतच आहे. जोडीला 121.5 मेगाहर्ट्झवरही यंत्र बोलत राहतं, म्हणजे जवळ आलेल्या विमानाला किंवा जहाजाला नेमकी दिशा सापडते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमींची गोव्यात बांधलेली शिडाची नौका ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली, डोलकाठी मोडली, त्यांची पाठ जायबंदी झाली. तेव्हा त्यांचा ठावठिकाणा कळत राहण्यात नौकेवरच्या अशाच बीकनचा वाटा होता. तीन दिवसांनी फ्रेंच गस्तीनौका ‘ओसिरिस’ तिथे पोचली.

पण टॉमींचा बीकन नौकेवर होता. डाइव्हरला आपला बीकन बरोबर घेऊन बुडी मारायची असते, आणि तिथे गाडं अडतं. बाजारातले बहुतेक पीएलबी पाच, दहा, फार तर पंधरा मीटर पाणी सोसतात, तेही थोडा वेळ. खलाशी पाण्यात पडला तर एवढं पुरतं. तीस-चाळीस मीटरला जाणाऱ्याला पुरत नाही. म्हणून बीकन ठेवायला दाब सोसणारा डबा लागतो. मी चेन्नईत डाइव्हिंगचं सामान दुरुस्त करतो. रेग्युलेटर, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), टॉर्च असं सगळं येतं, आणि अधूनमधून कुणीतरी विचारतं, “पीएलबीसाठी डबा कुठला घेऊ? किती मीटरचा?”

मीटरचा हिशेब सोपा आहे. दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब वाढतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर धरलं, तर चाळीस मीटरवर त्या झाकणावर दोनशे किलो बसलेले असतात. म्हणून सपाट पातळ झाकण नको. कॅमेऱ्यांसाठीच्या प्लॅस्टिकच्या पेट्याही नकोत. त्या पावसासाठी आणि होडीतल्या पाण्यासाठी चांगल्या, मीटरभर पाण्यात पडल्या तरी तग धरतात, पण खोलीसाठी त्या नाहीत. काही जण हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणून दोन्ही टोकांना टोप्या चिकटवतात. दुकानदार सांगतो, हा सहा किलोचा, हा दहा किलोचा. ते किलो पाइपाच्या आतून बाहेर ढकलणाऱ्या पाण्याचे असतात. बाहेरून आत चेपणाऱ्या पाण्यापुढे तोच पाइप कसा वागेल, याबद्दल तो आकडा काही सांगत नाही.

मला आवडतो तो अ‍ॅसिटलच्या भरीव दांड्यातून लेथवर काढलेला डबा. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत असं काम करणारे पुष्कळ आहेत. अ‍ॅसिटल गंजत नाही, घसरडं असल्याने झाकण अडकत नाही आणि डबा हातात जडही होत नाही. अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर हार्ड अ‍ॅनोडाइझ केलेलं हवं, आणि स्टीलच्या खिट्ट्या त्याला जिथे टेकतात तिथे लक्ष ठेवायला हवं. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. अ‍ॅक्रिलिकमधून आत पाणी आलंय का ते दिसतं, हा मोठा गुण. पण स्पिरिटने पुसलं की त्यावर बारीक तडे उमटतात.

डब्याचा जीव मात्र ओ-रिंगमध्ये असतो. झाकणाच्या खाचेतली रिंग काढताना मी टाचणी कधी वापरत नाही, जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरतो, कारण रिंग चाळीस रुपयांत नवी मिळते, खाचेवर पडलेला ओरखडा मात्र बुजत नाही. रिंग दोन बोटांच्या चिमटीतून डोळे मिटून फिरवायची. डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण बोटाला लागतो. मग सिलिकॉन ग्रीस, तेही रिंग नुसती चमकेल एवढंच. जाड थर दिला तर त्यात केस, धागे, वाळू सगळं येऊन बसतं. ग्रीसने पाणी अडत नाही. पाणी रिंग अडवते, ग्रीस तिला फक्त सरकू देतं.

आणि एक गोष्ट ऐकून नवख्यांना नवल वाटतं: डबा गळतो तो बहुधा उथळ पाण्यात. खोलवर पाण्याचा दाबच रिंगला खाचेच्या भिंतीवर आवळून धरतो. पहिल्या मीटर-दोन मीटरला ती जेमतेम टेकलेली असते. म्हणून चाचणी करताना मी डबा एकदम खाली सोडत नाही. आत बीकन नाही, फक्त टिश्यू पेपर, त्यावर शाईच्या पेनाने मारलेल्या रेघा. शिशाचं वजन बांधून डबा आधी होडीच्या कडेला, वीतभर पाण्यात, बराच वेळ टांगायचा; मग दोर सोडायचा. थेंब आत आला तर शाई फुटते, आणि कुठल्या बाजूने आला तेही कळतं. याच शहरात पल्लिकरणईला एनआयओटी या सागरी तंत्रज्ञान संस्थेत सहा हजार मीटरवर जाणाऱ्या ‘मत्स्य 6000’ या पाणबुडीचं काम चालतं. माझी प्रयोगशाळा म्हणजे दोर आणि शिसं, पण चाळीस मीटरला तेवढं बास.

इथवरचं सगळं बंद होण्याबद्दल झालं. डबा विकणारे याबद्दलच बोलतात, घेणारे याबद्दलच विचारतात. पण 406 मेगाहर्ट्झची लहर समुद्राच्या पाण्यातून जात नाही. बीकन कामाला येतो तो पाण्यावर, डब्याबाहेर, अँटेना आकाशाकडे असताना. म्हणजे डब्याची खरी परीक्षा होते ती उघडण्याच्या वेळी.

ती वेळ डोळ्यांसमोर आणून बघा. माणूस दमलेला, तोंडावर लाटा आपटताहेत, एका हातात एसएमबीचा, म्हणजे खुणेच्या फुग्याचा, दोर. बोटं तासभर पाण्यात राहून सुरकुतलेली, त्यावर सनस्क्रीनचा ओशट थर. नुसतं दाबून बसवायचं झाकण असेल तर आणखी एक गंमत होते. एप्रिलच्या उन्हात होडीवर 40 अंशाला बंद केलेल्या डब्यातली हवा पाण्यात 27 अंशाला येते, आकसते, आणि पन्नास चौरस सेंटिमीटरचं झाकण साधारण दोन किलोने आत ओढून धरते. टेबलावर दोन किलो म्हणजे काहीच नाही, पण त्या बोटांना ते भारी पडतं. म्हणून डबा सावलीत बंद करावा, आणि झाकणाला हवा सोडणारा छोटा स्क्रू असेल तर उत्तम. आट्यांच्या झाकणाला दुसरी खोड. चेन्नईजवळच्या कोवळमसारख्या किनाऱ्यावरून होडी लाटा फोडत पाण्यात ढकलायची म्हणजे वाळू सगळीकडे जाणार, आणि आट्यांत गेलेली वाळू झाकण असं धरते की पाना लागावा. माझी पसंती 316 स्टीलच्या मोठ्या खिट्ट्यांना, अंगठ्याने उचलता येतील अशा, चुकून उघडू नयेत म्हणून पिनेसकट.

उघडल्यावरचंही आधी ठरवावं लागतं. झाकण डब्याला बांधलेलं, बीकन दोरीने बीसीडीला बांधलेला, आणि ही दोरी खिट्टी उचलण्याआधी अडकवायची; हातातून निसटलेलं यंत्र लाटेत परत सापडत नाही. बीकन डब्यात घट्ट कोंबू नये. जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये सेलांखालून एक फीत गेलेली असायची, ओढली की सेल वर. तशी फीत बीकनखालून घालावी. आतलं अस्तर पाणी न पिणाऱ्या फोमचं, सोबत सिलिका जेलची पुडी, कारण चेन्नईची हवा डब्यात बंद केली की तिच्याबरोबर दमटपणाही बंद होतो. सराव तरणतलावात, डोळे मिटून, एका हाताने करावा, आणि यंत्राऐवजी त्याच मापाचा लाकडी ठोकळा घालून. खरं बटण सरावासाठी दाबायचं नसतं. तटरक्षक दल सराव समजून बसून राहत नाही.

डब्याची कटकटच नको, तर एआयएसवर, म्हणजे जहाजांच्या आपसातल्या ओळख-यंत्रणेवर, चालणारी डाइव्हरांसाठीची यंत्रं आहेत. ‘नॉटिलस लाइफलाइन’ झाकण लावून 130 मीटरपर्यंत जाते, तिला डबा लागत नाही. पण तिचा संदेश आसपासच्या जहाजांना मिळतो, उपग्रहाला नाही, आणि आपल्याला घेऊन गेलेल्या फायबरच्या होडीवर एआयएसचा रिसीव्हर सहसा नसतो. मासेमारी नौकांसाठी इस्रोने 2024मध्ये आणलेल्या डॅट-एसजी यंत्रात संदेश पोचल्याची पोच परत मिळते. ही सोय फार मोलाची, पण ते यंत्र नौकेवर राहणारं आहे. पीएलबी घेतलाच तर भारताचा 419 हा देश-क्रमांक घातलेला घ्यावा आणि नोंदणी करावी. परदेशातून आणलेल्याची चौकशी परदेशातच सुरू होते. उपग्रहावरून संदेश पाठवणारी इतर यंत्रं मात्र परवान्याशिवाय आणू नयेत, विमानतळावरच अडकाल.

हे सगळं ऐकून गिऱ्हाईक पुन्हा विचारतं, “पण मग किती मीटरचा घेऊ?” जाणार असाल त्याच्या दीडपट खोलीचा घ्या, एवढंच उत्तर आहे, आणि ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये बघता येतं. कॅटलॉगमध्ये नसतं ते दुकानात बघावं. विकणाऱ्याकडे पाण्याने भरलेली बादली मागा, हाताला खोबरेल चोळा, डबा बादलीत धरा आणि एका हाताने उघडून बघा. उघडला नाही, तर तो शंभर मीटरचा असला तरी घेऊ नका.