प्रेसखालच्या सुया

टायटॅनियमचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, भट्टीतून निघाला की प्रेसवाल्याच्या हाती फार वेळ नसतो. या धातूतून उष्णता हळू वाहते, त्यामुळे थंड डायला टेकताच त्याची कातडी गार पडते आणि गाभा लालच राहतो. चिरा मग कडेने सुरू होतात. शिवाय तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं नि वर ठिसूळ थर धरतं. म्हणून जॉबवर काचेचा लेप देतात, डायही तापवून घेतात.

आता यात टायटॅनियम बोराइडचे कठीण कण घाला. ताठपणा वाढतो, झीज घटते, वजन जवळपास तेवढंच राहतं. पण धातू वाहतो तेव्हा कण वाहत नाहीत. दाब घाईने दिला तर ते तडकतात, नाहीतर त्यांच्या कडेला बारीक पोकळ्या उरतात.

मग ताप वाढवावा का? शुद्ध टायटॅनियमची स्फटिकरचना 882 अंश सेल्सिअसला बदलते. सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत हा बदल 995 च्या आसपास पुरा होतो. त्यापुढे धातू मऊ, पण त्याचे दाणे भराभर फुगतात. गंमत अशी, की प्रेसला नडणारे तेच कण इथे दाण्यांना अडवून धरतात.

टोयोटाने हे कारखान्यात करून दाखवलं. 1998 च्या अल्टेझा मोटारीचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अशाच संमिश्राचे होते. टायटॅनियमच्या पावडरीत टायटॅनियम डायबोराइड मिसळून भाजलं की दोघांच्या अभिक्रियेतून बोराइडच्या सुया धातूच्या आतच तयार होतात. तप्त एक्स्ट्रूजनमध्ये त्या दांड्याच्या दिशेने ओळीत लागतात. हे ओळीत लागणं मिश्रणाच्या बरणीत होत नाही, प्रेसखाली होतं; श्रेय मात्र बहुधा बरणीला मिळतं.

किती तापवावं, किती वेगाने दाबावं, याचे नकाशेही आहेत. वाय. व्ही. आर. के. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये टायटॅनियमच्याच एका मिश्रधातूवर ही नकाशांची पद्धत मांडली. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ती बरीच वाढली. नकाशासाठीच्या प्रयोगातली छोटी नळकांडी सगळीकडे सारखी तापलेली असतात, खऱ्या जॉबचे कोपरे नसतात. तेव्हा नकाशा मानावा, पण नजर कोपऱ्यावर ठेवावी.

आणि जमेल तेवढा आकार गरम असतानाच काढून घ्यावा. पुढे लेथवर याच सुया कार्बाइडचं टूलसुद्धा झिजवतात, आणि तो खर्च जॉबवरच चढतो.