पंडितांचा वर्ग

क्रिकेटवर लिहिण्याचा आम्हांला फारसा अधिकार नाही. आयुष्य मराठी शिकवण्यात गेले आणि मैदानाशी आलेला संबंध प्रेक्षकाचाच राहिला. तरीही चंद्रकांत पंडित यांच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात आहे. विदर्भाच्या संघाला त्यांनी दोन मोसमांत जे शिकवले, त्यातून आमच्याच शिकवण्याविषयी काही अडचणीचे प्रश्न उभे राहिले, आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत.

पंडित मूळचे मुंबईचे, रमाकांत आचरेकरांच्या तालमीत घडलेले. यष्टिरक्षक आणि फलंदाज म्हणून ते भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडकडून भारत उपांत्य सामना हरला, त्या संघात ते होते. मात्र यष्टींमागे त्या दिवशी किरण मोरे उभे होते. पंडितांच्या खेळाडू म्हणून असलेल्या कारकिर्दीचे सार या एका तपशिलात यावे असे आम्हांला वाटते. गुण होते, संधीही मिळाली, पण जागा नेहमी दुसऱ्या कुणाची तरी होती. पुढे ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. १९९९ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली, आणि तरीही सामना ९६ धावांनी गेला.

ते प्रशिक्षक झाल्यावर २०२२ च्या २६ जून रोजी याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, आणि पंडित मैदानात रडले. साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे द्रोणाचार्य आठवल्याशिवाय राहत नाहीत. द्रुपदाने केलेला अपमान द्रोणांनी स्वतः फेडला नाही. शिष्य घडवले, आणि गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवले. गुरूच्या मनातले जुने शल्य शिष्यांच्या हातांना बळ देते, हे महाभारत सांगतेच. पण त्याच गुरूने एकलव्याचा अंगठाही मागितला, हेही लपवत नाही. इंदूरकरांना पंडितांची कथा म्हणून गोड वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे. आम्हांला मात्र तिचा नागपुरातला भाग अधिक विचार करायला लावतो. कारण इथे पंडितांचे स्वतःचे काही उसने फेडायचे नव्हते. जे शल्य होते ते आमचे होते.

त्या शल्याला आमच्याकडे एक सरकारी नाव आहे : अनुशेष. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण यांतील प्रादेशिक तूट आकड्यांत मांडली, आणि हा शब्द आमच्या बोलण्यात कायमचा मुक्कामाला आला. अन्याय खरा होता, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. पण खऱ्या अन्यायाचीही माणसाला सवय होते आणि मग त्याची ऊब वाटू लागते. विदर्भ १९५७-५८ च्या मोसमात रणजी स्पर्धेत उतरला. पुढची साठ वर्षे अंतिम सामना आमच्या वाट्याला आला नाही, आणि त्याचे कुणाला फारसे आश्चर्यही वाटले नाही. चांगले खेळून हरणे हा आम्ही आमचा स्वभाव ठरवून टाकला होता.

२०१७ मध्ये पंडित आले. त्यांनी अनुशेषाची चौकशी केली नाही. मुंबईच्या क्रिकेटला ज्याचा अभिमान आहे तो ‘खडूसपणा’ घेऊन ते आले. शिस्तीत कुणाचीही गय न करणारा प्रशिक्षक ही त्यांची कीर्ती त्यांच्याआधीच इथे पोहोचलेली होती. डिसेंबरात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे पडला. आमच्या जुन्या पद्धतीने सामना तिथेच संपायला हवा होता. पण दुसऱ्या डावात ३१३ धावा झाल्या, कर्नाटकाला १९८ धावांचे लक्ष्य मिळाले, आणि रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियंत्याने ७ बळी घेऊन त्यांना १९२ वर रोखले. पाच धावा! इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याच गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक ठोकले, आणि २०१८ च्या पहिल्याच दिवशी फैज फजलच्या हाती करंडक आला. पुढच्या वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखलाही. आदित्य सरवटेने त्या सामन्यात ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एक धाव करता आली.

त्या दिवसांत आमच्या मित्रमंडळीत एक वाद रंगे. प्रशिक्षक मुंबईचा, सर्वांत मोठा फलंदाज वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा; मग हा विजय विदर्भाचा कसा? विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अकादमीत सुब्रतो बॅनर्जींसारख्यांनी पंडितांच्या आधीपासून वेगवान गोलंदाज घडवले होते, हे उत्तर होतेच. पण वाद घालता घालता आमच्या ध्यानात आले, की विजय हाती आल्यावरही आम्ही त्यात तक्रारीची जागाच शोधत होतो.

इथे आम्हांला आमचा वर्ग आठवला. तालुक्याच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना आम्ही वर्षानुवर्षे एक सवलत देत आलो. वाक्य विस्कटलेले असले, युक्तिवाद अर्ध्यावर सुटलेला असला, तरी ‘बिचाऱ्याची पार्श्वभूमी’ असे मनाशी म्हणून गुण देत आलो. ही आमची माया आहे अशी आमची समजूत होती. पंडितांकडे पाहताना पहिल्यांदा शंका आली, की ही माया नसून अविश्वास आहे. याच्याकडून याहून अधिक होणार नाही, हे आम्ही आधीच ठरवून टाकले होते, आणि ते त्याला न सांगण्यालाच सहृदयता म्हणत होतो.

म्हणून धाकाचे गोडवे गावेत असे मात्र नाही. आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघाला पंडितांची शिस्त सगळीच मानवली नाही. एका परदेशी खेळाडूने तसे उघड बोलूनही दाखवले. तो संघ २०२४ मध्ये जिंकला, पुढच्या वर्षी आठवा आला, आणि जुलै २०२५ मध्ये पंडित तिथून बाहेर पडले. स्वतःच्या यशाने प्रौढ झालेल्या माणसांना गुरू नको असतो, सहकारी हवा असतो. शिवाय कडक शिक्षकाच्या वर्गातून जे मुकाट्याने निघून जातात, त्यांची नोंद करंडकावर होत नाही. एकलव्य आम्ही विसरलेलो नाही.

तरीही प्रशिक्षक म्हणून पंडितांच्या नावावर सहा रणजी करंडक आहेत : मुंबईचे तीन, विदर्भाचे दोन, मध्य प्रदेशाचा एक. आमच्या दृष्टीने त्यांची खरी परीक्षा सातव्या करंडकाने घेतली, जो त्यांच्या नावावर नाही. २०२० मध्ये ते नागपूर सोडून गेले. २०२४ च्या मार्चमध्ये विदर्भ मुंबईकडून अंतिम सामना हरला. पुढच्या मोसमात नागपुरात उपांत्य सामन्यात मुंबईलाच हरवून, २ मार्च २०२५ रोजी जामठ्यावर केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक घेतला. कर्णधार अक्षय वाडकर होता, इंदूरचा तोच शतकवीर. प्रशिक्षक उस्मान गनी. कधीकाळी विदर्भाचेच कर्णधार. या वेळी करुण नायर बाहेरून आलेला होता, पण विजय कुणाचा हा वाद आमच्या मंडळीत कुणी काढला नाही.

आमच्यापुरते सांगायचे तर एवढेच, की अलीकडे एका विद्यार्थिनीचा निबंध आम्ही दोनदा परत केला. दुसऱ्यांदा तिचा चेहरा उतरला, आणि आमचेही मन कचरले. गुण देऊन मोकळे व्हावे असे फार वाटले. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा निबंधाला जोडून एक चिठ्ठी होती. शेवटच्या परिच्छेदाविषयी आमचे म्हणणे तिला मान्य नव्हते, आणि का नाही ते तिने क्रमवार लिहिले होते. चिठ्ठीतले एकही वाक्य विस्कटलेले नव्हते. शेवटच्या परिच्छेदाबाबत तिचेच बरोबर होते.