पाण्याखाली गेलेली पायवाट

वयाची पन्नाशी जवळ आली की माणूस काय करतो? रक्तदाब तपासून घेतो, मुलीच्या लग्नाचा हिशेब मांडतो. जबलपूरच्या एका चित्रकला शिक्षकानं मात्र १९७७ साली पाठीवर पिशवी टाकली आणि तो नर्मदेच्या काठानं चालू लागला. त्यांचं नाव अमृतलाल वेगड. कुटुंब मूळ गुजराती, जन्म जबलपूरचा, १९२८ सालचा. चित्रकला शिकले शांतिनिकेतनात, नंदलाल बोस यांच्या हाताखाली.

नर्मदा परिक्रमा मराठी वाचकाला नवी नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’नं ती कधीच घराघरात पोहोचवली आहे. नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. सगळे नियम पाळले तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस! नोकरदार माणसाला एवढी रजा कोण देणार? वेगडांनी साधा मार्ग काढला. सवड मिळेल तेव्हा एकेक टप्पा चालायचा. पहिला टप्पा होता जबलपूर ते मंडला. सोबत होते त्यांचे विद्यार्थी.

या वाटेवरचा दिवस उजाडतो अंधारातच. ऊन चढण्याआधी जमेल तेवढं अंतर कापायचं. कधी गोट्यांवरून, कधी पायाला चिकटणाऱ्या काळ्या मातीतून, तर कधी जंगलातून. मधेच एखादा ओढा आडवा येतो. चपला हातात घ्यायच्या आणि उतरायचं. दुपारी शेणीवर भाजलेले टिक्कड. संध्याकाळी गाव दिसलं की ‘नर्मदे हर!’ म्हणायचं. कुणीतरी ओसरी झाडून देतं, कुणी पीठ आणून ठेवतं. नाव-गाव विचारतात ते जेवण झाल्यावर!

वेगडांच्या पिशवीत आणखी एक वस्तू असे. चित्रांची वही. घाटावर न्हाणाऱ्या बायका, नावाडी, यात्रेकरू त्यात उतरत. घरी परतल्यावर जुन्या मासिकांची रंगीत पानं कापून, चिकटवून ते त्यांची कोलाज चित्रं करत. रंगाच्या डबीला हात न लावता!

हौसेखातर केलेली भटकंती, एवढंच हे नव्हतं. वेगड निघाले तेव्हा जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीच्या धरणाचं काम सुरू झालं होतं. १९९० मध्ये धरण पूर्ण झालं. दीडशेहून अधिक गावांना बुडिताची झळ पोहोचली. शेतं गेली, मंदिरं गेली आणि त्या पहिल्या टप्प्यातली काठाची वाटही पाण्याखाली गेली. ज्यांच्या ओसरीवर पाठ टेकावी अशी कितीतरी घरं त्यात होती. धरणानं वीज दिली, सिंचन दिलं, हे खरंच. पण आज परिक्रमेला निघणाऱ्याला या भागात जलाशयाला वळसा घालून जावं लागतं. ती जुनी वाट आता कुणालाच चालता येणार नाही.

जबलपूरजवळच्या भेडाघाटला धुवांधार धबधबा बघायला रोज पर्यटक येतात. नदी कड्यावरून कोसळते, तुषारांचा धूर होतो. पावसाळ्यात पूर चढला की हा धबधबाही बुडून दिसेनासा होतो. पण पाणी उतरलं की तो पुन्हा जागेवर हजर! बरगीच्या वाटेचं तसं नाही.

वेगडांची परिक्रमा पुढं वीसेक वर्षं, तुकड्या-तुकड्यांनी चालू राहिली. त्यातून पुस्तकं झाली. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा निघाले. या खेपेला पत्नी कांताही सोबत चालल्या. नदी त्यांनीही स्वतःच्या पायांनी पाहिली.

६ जुलै २०१८ रोजी वेगड गेले. बुडालेल्या काठावरची माणसं, घाट, ओसऱ्या त्यांच्या पुस्तकांत आणि चित्रांत राहिल्या आहेत. पुढं कधीतरी बघू, असं म्हणून ते १९७७ साली घरीच बसले असते तर?

तुमच्याही गावाजवळून एखादी नदी वाहत असेल. सवड काढा. एक दिवस तिच्या काठानं चालून या.